चौथ्या वळणावरची भिंत

मी एक भिंत आहे. घराची नव्हे, देवळाची नव्हे. साउथ कॅरोलिनातल्या मोटारशर्यतीच्या मैदानातली, चौथ्या वळणावरची.

इथं आधी भुईमुगाचं शेत होतं. मोटारींत चोरटी दारू लादून पोलिसांना हुलकावण्या देणारी पोरं रविवारी याच शेतात पैजा लावायची. त्यांच्या चाकांनी मातीत एक गोल रस्ता कोरला. मग डांबर आलं, मग मी.

दर सप्टेंबरात, शर्यतीच्या सकाळी मला पांढरा रंग देतात. दुपारी गाड्या सुटतात. दिसायला रस्त्यावरच्या साध्या मोटारी, पण पोटात वणवा. दुरून त्यांचा आवाज मधमाश्यांच्या मोहोळासारखा येतो आणि मला गुंगी चढते. वळताना त्या मला घासून जातात. संध्याकाळी माझ्या अंगावर लाल, पिवळे, हिरवे पट्टे असतात. उकडलेल्या शेंगा खात माणसं आपल्या लाडक्या गाडीचा पट्टा शोधतात. ज्याचा पट्टा नाही, तो भित्रा.

याच हट्टापायी लॉनी सग्ज मला घासायला आला आणि आदळला. त्याची निळी गाडी माझ्या अंगावर चुरगळली. तो पुन्हा चालला नाही.

गेल्या सप्टेंबरात त्याची बहीण व्हर्लीन उतरली.

"ए व्हर्ली, भिंत चावत नाही गं!" लोक ओरडत होते. "की आजीला विचारून येतेस?"

ती माझ्यापासून हातभर लांबच राहिली. शेवटच्या फेरीत सर्वांत पुढं असलेला रॉइस गर्दीला खूश करायला मला घासला, वेग गमावून बसला. व्हर्लीन आतल्या बाजूनं निघून गेली. जिंकली!

"हॉइट काका," ती माइकवरून मैदानाच्या मालकाला म्हणाली, "करंडक ठेवा तुमच्याकडे. भिंतीपुढं जाड गादी बसवा. नाहीतर पुढच्या वर्षी मी नाही."

"अगं पोरी, मग पट्टे कुठं उमटायचे?"

मैदानभर तिची हुर्यो उडाली. तेवढ्यात चाकाच्या खुर्चीतून लॉनी ओरडला, "काका, माझा उमटलाय की! तेवढ्यावर भागवा."

काकांनी टोपी काढून मान डोलावली.

आता गादी बसवायला माझ्या अंगाला भोकं पाडताहेत. जुनी माणसं हळहळतात. रंग मलाही आवडायचे, खोटं कशाला बोलू? पण वेगाला जीव लावा ना, माझ्यावर जीव देण्यात कसला मोठेपणा?

कारागिरांनो, जरा भराभर हात चालवा. सप्टेंबर जवळ आलाय.