येऊन राह्यले

पुण्याहून चंद्रपुरात आलेल्या मुग्धाच्या अंगात घाई फार. जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांची माहिती वेबसाइटवर भरायची, तर चहासुद्धा ही उभ्यानेच पिणार. जंगलातल्या एका गावी तिने फोन लावला. तिथल्या आशा सेविका गिरजाबाईंनी तो उचलला.

"तुमच्या दवाखान्यात डॉक्टर आहेत का?"

"येऊन राह्यले."

येऊन राहिले म्हणजे मुक्कामीच की! मुग्धाने खुशीत 'निवासी डॉक्टर, चोवीस तास' असं टाकून दिलं.

आठवड्याने गिरजाबाई फोनवर कडाडल्या, "काऊन वो मॅडम? आजूबाजूच्या गावचे लोक माह्या अंगणात येऊन बसले. डॉक्टर कुठी लपवला म्हणून मलेच विचारून राह्यले!"

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, येऊन राहिलेत?"

"येऊन राह्यले म्हंजे येत आहेत! दोन वर्सापासून येऊनच राह्यले!"

मुग्धाने कपाळावर हात मारला. शेजारच्या टेबलावरच्या प्रफुलने, म्हणजे पक्क्या चंद्रपूरकराने, सगळं ऐकलं होतं. हसू दाबत तो म्हणाला, "मग, दुरुस्ती केली का, मॅडम?"

"करून राह्यली!" मुग्धा खेकसली.

म्हणजे आणखी दोन वर्षं! प्रफुलचं हसू मावळलं. त्याने तिचा की-बोर्ड स्वतःकडे ओढला.