जाड्या गटाची शिलाई

रक्त घेताना उंदराला स्थिर धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीत सतरा नंबरचा उंदीर अर्धाच गेला आणि अडकला. डोकं आत, शेपूट बाहेर, आणि मधलं पोट काठावर मळलेल्या कणकेसारखं पसरलेलं. प्रयोगशाळेतल्या तरुण संशोधिकेने त्याला अलगद मागे ओढलं. तो चिरकला, थरथरला. शेपटीच्या टोकातून रक्ताचा एक थेंब मिळेपर्यंत तिचाच जीव मेटाकुटीला आला. साखर दोनशे दहा. पंधरा दिवसांपूर्वी तो नळीत सहज शिरत होता, तेव्हा हीच एकशे तीस होती.

विभागप्रमुख सरांनी नोंदवही उलटीपालटी केली.

"हे आकडे चरबीचे आहेत की भीतीचे?"

"सांगता येत नाही, सर."

"मग चार महिने आपण मोजतोय काय?"

ते रागावले नव्हते, म्हणूनच तिला जास्त लागलं. अभ्यास तसा सरळ होता. निम्म्या उंदरांना साधं खाद्य, निम्म्यांना तेलकट. दोन्ही गटांच्या रक्तातली साखर, चरबी आणि शरीरात कुठेतरी दाह धुमसतोय हे सांगणारी प्रथिनं मोजायची. मग तेलकट खाद्य बंद करून आकडे किती उतरतात ते बघायचं. पण तेलकट गट असा काही फुगला होता की नळ्या पुरेनात. मोठ्या नळ्या यायला दोन महिने लागणार होते, आणि तोवर अभ्यासाचं पार वाटोळं झालं असतं.

त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीतच बाबांचं शिलाईचं दुकान होतं. ती संध्याकाळी आत शिरली तेव्हा ते मशीनवर होते. डाव्या अंगठ्याला पट्टी. तीन आठवड्यांपूर्वी कात्री लागली होती, जखम अजून ओली होती.

"रक्त तपासा म्हटलं की यांच्या अंगावर काटा येतो," आई आतून म्हणाली. "आणि जन्म गेला सुया टोचण्यात."

"कापडाला टोचण्यात," बाबा म्हणाले.

हा वाद रोजचा होता. तिने त्यात भर घातली नाही. स्टूल ओढून बसली आणि नळ्यांचं रामायण सांगून टाकलं. मग विचारलं, कापडाची पिशवी शिवाल का? उंदीर आत मावेल, श्वास घेता येईल, शेपूट तेवढी बाहेर राहील.

"माप?"

"असेल वीतभर."

"असेल-नसेल अशा मापावर मी कात्री चालवत नाही. गिऱ्हाईक दाखव."

तिला वाटलं, थट्टा करताहेत. पण सरांनी परवानगी दिली आणि सोमवारी बाबा प्राणीगृहात हजर झाले. टोपी, मास्क, पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या, गळ्यात नवीकोरी टेप. पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यांची रांग बघून ते दारातच क्षणभर थबकले. तिने सतरा नंबरला हातावर घेतलं.

"छाती सहा," बाबा म्हणाले. "पोट... अरे बापरे. पोट साडेआठ. लिही."

"लिहिलं."

"कमरेला सैल ठेवतो. अजून वाढेल ना हा?"

"आणखी पंधरा दिवस. मग पथ्य सुरू."

बाबांनी टेप गुंडाळली. पिंजऱ्यांकडे बघत हळू आवाजात विचारलं, "आणि सगळं झाल्यावर यांचं काय?"

तिने खोटं सांगितलं नाही. "शेवटी झोपवतात, बाबा. दुखू न देता. मग आतले अवयव तपासतात."

त्यांनी सतरा नंबरच्या पाठीवरून एक बोट फिरवलं. बुधवारी त्यांनी बारा पिशव्या तिच्यापुढे ठेवल्या. मऊ, धुऊन वापरलेलं सुती कापड, नाकाशी जाळी, पोटाजवळ बांधायचे बंद. शिवण मात्र सगळी बाहेरच्या बाजूला होती.

"उलटी शिवली?" तिने विचारलं.

"सुलटीच आहे. असतील तेवढे दिवस आतून टोचायला नको."

पिशवीतल्या अंधारात सतरा नंबर मुकाट पडून राहिला. साखर एकशे चौतीस, म्हणजे आधीची वाढ भीतीचीच होती. अठरा नंबर, एकशे एकोणतीस. सरांनी आकडे दोनदा वाचले आणि म्हणाले, "वडिलांना सांग, त्यांच्यामुळे अभ्यास वाचला." तिने घरी तसंच सांगितलं. बाबांनी ते दिवसभरात तीन गिऱ्हाइकांना ऐकवलं. तिसऱ्या वेळेपर्यंत बारा उंदरांचे चाळीस झाले होते.

पथ्याच्या सहाव्या आठवड्यात बाबांनी विचारलं, "उतरली का त्यांची साखर?"

"बरीच. दाहाचे आकडेही खाली आले. बाराही जणांचे."

"नुसतं खाणं बदलून?"

"नुसतं खाणं बदलून."

अंगठ्याची अजूनही न भरलेली जखम एकदा बघून त्यांनी पट्टी बदलली. रविवारी सकाळी चहा न घेता टेबलाशी आले, हात तिच्यापुढे ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "आण तुझं ते यंत्र."

तिने बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीला लावला. यंत्राने पाच सेकंद घेतले.

"दोनशे बावीस."

"म्हणजे किती आत घ्यावं लागेल?"

"बरंच, बाबा. उद्या डॉक्टरांकडे जायचं. पण येतं आत."

"मग घेऊ," ते म्हणाले आणि भिंतीकडचं तोंड वळवलं. चेहऱ्यावर नुकत्याच पोहायला शिकलेल्या माणसाचा आनंद होता.

तिने पट्टी कचऱ्यात टाकली, यंत्र डबीत ठेवू लागली. आई हात पुसत दाराशी उभी होती.

"आवरू नकोस इतक्यात."

"का? तुझी कधी तपासलीय, आई?"

"कुणी विचारलं?" आईच्या आवाजात तक्रार नव्हती. दूधवाल्याला किती वाजता येतोस, असं विचारावं तितक्या सहज ती म्हणाली होती.

मुलीने डबी पुन्हा उघडली. मग तिने नवी सुई काढली. बाबा उठले, आपली खुर्ची पुसून आईकडे सरकवली आणि तिच्या मागे उभे राहिले.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "काही कळत नाही."