दोनदा उकळलेला कोबी

“भाज्या खा,” दवाखान्यातली नवी आहारवाली पोरगी म्हणाली. “फळंही खा. तुमच्या रक्तात आम्ल साचलंय.”

वर्नरने, माझ्या नवऱ्याने, मान डोलावली. त्याची रीतच ती, आधी मान डोलावायची आणि मग ऐकायचं. उभा जन्म त्याने ओडेन्समध्ये शहरबस चालवली. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला थांबणारा माणूस.

माझं मात्र डोकं फिरलं. याच खोलीत, याच खुर्चीत बसवून आधीच्या आहारवाल्या बाईने त्याच्या भाज्या बंद केल्या होत्या. मूत्रपिंडं थकलीत, पोटॅशियम वाढेल, हृदय बंद पडेल, असं काय काय सांगून घाबरवलं होतं. भाजी खायचीच झाली तर बारीक चिरून दोनदा उकळायची आणि पाणी फेकून द्यायचं. राय धान्याचा काळा पावही नको, पांढरा चालेल. तेव्हापासून दोन वर्षं मी कोबीचा लगदा शिजवत आले. स्वतःच्या वाफ्यातलं गाजर पँटला पुसून उभ्या उभ्या खाणारा हा माणूस. तो लगदा मुकाट्याने दोन घास खायचा आणि मग पांढऱ्या पावावर चीज आणि सॉसेज. पोट भरायला काहीतरी हवंच ना!

नव्या पोरीचं नाव सिग्ने. तिने नीट समजावलं. मांस, चीज, पाव यांचं अंगात आम्ल होतं. धडधाकट मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, वर्नरच्याला ते झेपत नाही. मग ते हाडं आणि स्नायू पोखरतं, मूत्रपिंडालाही आणखी दमवतं. भाज्या-फळांनी त्याचा जोर कमी होतो. सोड्याच्या गोळ्या डॉक्टर देतील, पण ताटही बदलायला हवं, आणि रक्त तपासत राहू.

“याचं पोटॅशियम कधी वाढलं होतं?” मी विचारलं.

ती संगणकात मागे मागे जात राहिली. “नाही. कधीच नाही.”

“मग बंद का केलं सगळं?”

“तेव्हा सगळ्यांनाच तसं सांगायचे.”

“सगळ्यांना म्हणजे कुणाला गं? हा वर्नर आहे. बाटल्या भरभरून याचं रक्त नेत होतात, ते बघायला कुणाला फुरसत नव्हती?”

“युट्टे,” वर्नर म्हणाला, “हिने नव्हतं सांगितलं ते.”

हे खरं होतं, आणि त्यामुळेच मला जास्त राग आला. जिने सांगितलं होतं ती केव्हाच नोकरी सोडून गेली होती. भांडायचं कुणाशी?

वर्नरने एकच प्रश्न विचारला. “नवे बटाटेसुद्धा?”

सिग्ने हसली. “थोडे. आणि पाणी न फेकता.”

घरी जाताना बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत बसला. काय आठवत असणार ते मला ठाऊक होतं. शहराच्या कडेला बागकाम संघाच्या, लोकांना भाजीपाल्यासाठी भाड्याने दिलेल्या बागा आहेत, त्यातला एक तुकडा आमचा होता. लाकडी खोपटं, झेंड्याची काठी आणि बाकी सगळे वाफे. जूनमध्ये पहिले बटाटे निघाले की तिथेच उकडायचे आणि लोणी लावून खायचे, शेजारी हेव्याने बघतील असे. भाज्या बंद झाल्या त्याच आठवड्यात वर्नर संघात जाऊन बाग सोडून आला. कुणी मागितली नव्हती. “आपण पिकवणार नाही, आणि लोक वर्षानुवर्षं वाट बघतायत,” तो म्हणाला, “जागा अडवून बसणं बरं नाही.” फुलं लाव म्हटलं, तर म्हणे, फुलं खाता येत नाहीत. आता पुन्हा मागायची तर रांगेच्या शेवटी उभं राहायचं. तेवढं आयुष्य कुणी दिलंय आम्हाला?

बागांचा थांबा आला तसा तो उठला. “नुसतं बघून येऊ,” म्हणाला.

वाफे नव्हते. सगळीकडे गवत, मधोमध मुलांची उड्या मारायची जाळी. बाग आता ज्याच्याकडे आहे तो आस्गर, दाढीवाला तरुण, वर्नरला ओळखून पुढे आला. पोरगा चांगला होता, म्हणून त्याच्यावरही ओरडता येईना. कुंपणापाशी गवतातून वर आलेली हिरवी पानं दाखवून म्हणाला, “हे काय आहे हो? कितीदा कापलं, तरी पुन्हा येतं.”

“बटाटे,” वर्नर म्हणाला. “खणताना राहून गेले असतील माझ्याकडून.”

“मग न्या ना. तुमचेच आहेत.”

वर्नर गुडघ्यांवर बसला. या दोन वर्षांत त्याचे पाय काटकुळे झालेत, उठताना हात द्यावा लागतो. त्याने खुरपं घेतलं नाही. बोटांनी गवताचा तुकडा अलगद उचलला आणि खालून मूठभर बटाटे काढले, अक्रोडाएवढे. ते माझ्या पिशवीत टाकले.

मला ते सगळं गवत मुळासकट उपटावंसं वाटत होतं. मी तोंड उघडणार होते, पण तो अजून खालीच बसलेला होता. भोक मातीने भरून त्याने गवत जिथल्या तिथे बसवलं आणि दुसऱ्याची हिरवळ खराब दिसू नये म्हणून कडा तळहाताने दाबत राहिला.