बुडबुडा दिसला की काठावर

मी एक जुनी रबराची पट्टी आहे. दोन बोटं रुंद, दोन हात लांब, रंगानं काळी. कडेला बारीक चिरा पडल्यात आणि मधोमध एक लाल ठिगळ आहे. मला बघून कोणीही म्हणेल, फेका हे. पण मित्रांनो, मी विमानात बसून समुद्र बघून आले आहे. एका पोरीचा गुडघा मी वाचवला असं म्हणणार नाही. तो आधी मीच जास्त बिघडवला. सगळं खरं सांगते, म्हणजे तुम्हांला निवाडा करता येईल.

जन्माला आले तेव्हा मी पट्टी नव्हते, ट्रॅक्टरची अख्खी ट्यूब होते. वारूळवाडीच्या दादाभाऊंच्या ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकात मला घातलं. टोमॅटोची रानं, द्राक्षाचे बाग, चिखल, ऊन, सगळं मी अंगावर घेतलं. म्हणजे टायरनं घेतलं आणि मी आतून फुगून त्याला उभं ठेवलं. आत राहून काम करणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. पाच वर्षं मी हवा धरली. एक दिवस बाभळीचा काटा टायर फोडून माझ्यात शिरला. त्यावर लाल ठिगळ बसलं. पण दादाभाऊंनी नवी ट्यूब आणली आणि मला गोठ्याच्या पत्र्यावर टाकलं, पत्रा वाऱ्यानं उडू नये म्हणून. तिथं मी दोन उन्हाळे भाजले.

मला तिथून उतरवलं डिंभ्याच्या भागूनं. टोमॅटो तोडायला आला होता.

"दादाभाऊ, ही ट्यूब देता का?"

"काय करतो तिचं? शंभर ठिकाणी फुटंल ती."

"फुटू द्या. आमी बसतो तिच्यावर."

दादाभाऊ हसले, पण दिली. त्यांचे उपकार मी विसरत नाही.

भागू डिंभ्याच्या धरणात मासे धरतो. होडी नाही, इंजिन नाही. फुगवलेल्या ट्यूबवर दोरीची जाळी विणायची, वर गोणपाट टाकायचं, त्यात बसून हातानं पाणी मारत जायचं. जिथं तो जाळं टाकतो, तिथं खाली त्याच्या आज्याची भातखाचरं आहेत. धरण झालं, जमीन पाण्यात गेली. पाणी कालव्यानं खाली गेलं आणि खालची रानं हिरवी झाली. त्या हिरव्या रानातच माझी पाच वर्षं गेली, हे मला भागूच्या खाली तरंगताना कळलं. मला लाज वाटली. ज्यांना वाटायला हवी त्यांना वाटत नाही, म्हणून सांगितलं.

भागूची एक रीत होती. रोज पहाटे पाण्यात उतरायच्या आधी तो मला काठाच्या उथळ पाण्यात आडवी करायचा आणि गुडघ्यानं दाबत गोल फिरवायचा. नजर पाण्यावर. कुठं बुडबुडा उठतोय का, एवढंच बघायचं. बारका बुडबुडा दिसला तरी तो दिवस काठावर. मग सगळे लोक मासे काढत असोत नाहीतर बाजाराचा दिवस असो. कोणी चिडवलं, "भागू, बुडबुड्याला भ्यालास व्हय?" तर तो म्हणायचा, "व्हय, भ्यालो. तुमी जावा."

फार नडलं आणि घरापुरतं कालवण काढायचं असलं, तर एक तात्पुरता इलाज होता. भोकाभोवतीचं रबर चिमटीत धरायचं आणि त्यावर रबराची पट्टी गच्च आवळायची. काठालगत तासभर भागतं. हा इलाज लक्षात ठेवा. पुढं ह्यानंच घोळ केला.

भागूची लेक सोनल माझ्या कडेला धरून पोहायला शिकली. मी गर्वानं सांगते, कारण दुसरं कोणी शिकवलंच नाही. धरणाच्या काठाला राहणाऱ्या लेकरांना पोहायला शिकवायला सरकारचा माणूस येत नाही. लेकरू बुडालं की पंचनाम्याला मात्र तीन माणसं येतात. सोनल सायकल शिकली ती एसटी येत नाही म्हणून. घोडेगावच्या कॉलेजात वेळेवर पोचायचं तर दुसरा मार्ग नव्हता. आणि पळायला तर डोंगरातल्या पोरींना शिकवावं लागत नाही.

जुन्नरच्या वृषालीताई लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर पोरापोरींना पळवतात. तालुक्याच्या शर्यतीत त्यांनी सोनलला पाहिलं. पोहणं, सायकल आणि पळणं एका दमात करायची शर्यत असते, ट्रायथलॉन म्हणतात तिला, हे सोनलला त्यांनीच सांगितलं. सोनल म्हणाली, "ताई, हे तर मी रोजच करते." दोन वर्षं ताईंनी तिला घडवलं. मग थायलंडातल्या एका शर्यतीसाठी निवड झाली. ताईंच्या सोबतीनं समुद्राकाठी पाच आठवडे सराव आणि शेवटी शर्यत.

त्याच सुमाराला माझा हवा भरायचा वॉल तुटला. आता हवा धरणं माझ्यानं होणार नव्हतं. भागूनं विळ्यानं माझ्या पट्ट्या केल्या. एक फाटकाला बांधली, एक गोठ्याच्या खुंट्याला. लाल ठिगळाची, म्हणजे मी, सोनलच्या वाट्याला आले. निघायच्या महिनाभर आधी उतारावर पळताना तिचा गुडघा दुखावला होता. ताईंनी रबरी पट्टी पायात अडकवून करायचे व्यायाम दिले होते. बाजारातली पट्टी दोनदा तुटली. मी तुटले नाही.

विमानतळावर एका साहेबानं मला पिशवीतून दोन बोटांनी बाहेर काढलं.

"ये क्या है?"

"ट्रॅक्टरची ट्यूब."

"ट्रॅक्टर किधर है?"

"डिंभ्याला," सोनल म्हणाली. मागची रांग हसली. साहेबही हसला आणि त्यानं मला परत पिशवीत ठेवलं.

विमानात बसल्यावर सोनलनं ती चूक केली. गुडघा ठणकत होता. तिला भागूचा इलाज आठवला आणि तिनं मला गुडघ्याभोवती गच्च आवळलं. तिथं पोचेपर्यंत सोडलंच नाही. मी रबर. मला आवळलं की मी आवळते, थांबायचं मला कळत नाही. उतरली तेव्हा पाऊल भाकरीसारखं फुगलं होतं आणि बुटात जात नव्हतं.

ताईंनी मला सोडवलं आणि कपाळावर हात मारला. "सोनल, गुडघा म्हणजे पंक्चर आहे का गं?"

"बा असंच करतो."

"ट्यूबला करतो. तुझ्या बापाला अक्कल आहे, तो माणसाला नाही करत."

आठ दिवस पळणं बंद झालं. रोज मला खिडकीच्या गजात अडकवून सोनल पाय ओढायची. पंधरा वेळा उजवा, पंधरा वेळा डावा. हळूहळू गुडघा वळणावर आला. त्या दिवसांचे मी आभार मानते. चुकीच्या जागी बांधलेल्या वस्तूला बरोबर जागी बांधून घ्यायची संधी फार वेळा मिळत नाही.

चौथ्या आठवड्यात सोनल आजारी पडली. पोट बिघडलं आणि ताप आला. शर्यतीला नऊ दिवस होते. ताप असलेल्यानं पाण्यात उतरायचं नाही, असा तिथल्या सरावाचा कडक नियम होता. ताप कळवला की डॉक्टर तपासणार आणि बहुतेक शर्यतीतून नाव मागं घेणार. दोन वर्षं मातीत जाणार म्हणून तिनं ताप लपवला. गोळी गिळायची, तोंड धुवायचं आणि हसत खाली उतरायचं. दोन दिवस हेच चाललं. मला राग आला होता, पण रबराला तोंड नसतं.

तिसऱ्या सकाळी समुद्रात पोहण्याचा सराव होता. पोहणाऱ्याच्या मागं एक केशरी फुगा असतो, कंबरेला बांधलेला, दमलं तर धरायला. सोनलच्या फुग्याचा पट्टा तुटका होता. तिनं तिथं मला बांधलं. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर तिचे हात थांबले. डोळे पांढरे व्हायला लागले. ती खाली जाताना मी ताणले गेले, इतकी की लाल ठिगळाची कड उचकटली. मित्रांनो, तेव्हा मी फक्त एक काम केलं. तुटले नाही. सोनलचा हात मला लागला, तिनं मला ओढलं, फुगा जवळ आला आणि ती त्यावर पोट टाकून पडली. लहानपणी माझ्यावर पडायची तशी. मग तिनं हात वर केला आणि होडी आली.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"पायात गोळा आला," सोनल म्हणाली.

खोलीवर येऊन तिनं भागूला फोन लावला. ह्या वेळी तो जाळ्यावर असायचा. पण त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"बा, तू पाण्यात नाय?"

"न्हाई. आज काठावर हाय. नव्या ट्यूबला बुडबुडा दिसला."

"मग ठिगळ लाव नि जा."

"लावलंय. सुकाया नगं व्हय? वल्या ठिगळावर बसलं की मधी जाऊन सुटतं." मग तो म्हणाला, "तुझा आवाज का गं बसलाय?"

"एसीचा."

"बरं. आज सकाळी तू तुझी ट्यूब बघितली व्हतीस का?"

सोनलनं माझ्याकडं पाहिलं. उचकटलेलं ठिगळ तिला दिसलं. "नव्हती बघितली, बा," ती म्हणाली आणि रडायला लागली. तिनं ताप सांगितला, पोट सांगितलं, समुद्र सांगितला. मग भागू एवढंच म्हणाला, "ताईला सांग. आत्ता. फोन चालू ठिवून सांग."

तिनं सांगितलं. ताई आधी लाल झाल्या, मग मटकन खुर्चीवर बसल्या. "मघाशी गोळा म्हणालीस."

"खोटं बोलले."

"तू बुडाली असतीस तर मी ह्या माणसाला काय तोंड दाखवलं असतं?"

फोनमधून भागू म्हणाला, "ताई, रागावा तिला, पर आधी पेज द्या."

डॉक्टर आले. रक्त तपासलं. पाच दिवस सक्त विश्रांती, त्यानंतर पुन्हा तपासून काय ते ठरवू, असं म्हणाले. नाव लगेच मागं घेतलं नाही. जे सांगायला ती घाबरत होती, ते सांगितल्यावरच तिचा ताप उतरायला लागला. ताई चहाच्या किटलीत तांदळाची पेज शिजवायच्या. पाच दिवस सोनल झोपली, पेज प्याली, झोपली. सहाव्या दिवशी मला खिडकीच्या गजात अडकवलं. फक्त पाच वेळा.

डॉक्टरांनी शर्यतीत उतरायची परवानगी दिली. ताईंनी एक अट घातली. "गुडघा सुजला की थांबायचं. कोण बघतंय, कोण हसतंय, बघायचं नाही." सोनलनं मला मनगटाला बांधलं, ह्या वेळी सैल.

पोहून ती बाहेर आली तेव्हा ऐंशी जणींत अकरावी होती. सायकलही बरी झाली. पळण्याचे दहा किलोमीटर उरले. सहाव्याला तिचं पाऊल वाकडं पडायला लागलं. ती थांबली. वाकली. अंगठा गुडघ्यावर दाबत गोल फिरवला, भागू मला दाबायचा तसा. सूज होती. पुढं चार किलोमीटर राहिले होते. खुरडत जाता आलं असतं. तिच्या बाजूनं बाया जात होत्या आणि ती गुडघ्याकडं बघत उभी होती. मग तिनं हात वर केला आणि शर्यत सोडली. गाडीत बसून ती हमसून रडली. तिचे अश्रू माझ्यावर पडले. धरणाच्या पाण्याहून ते खारट होते.

गावात परत आलो तर मोठा फ्लेक्स. 'आंतरराष्ट्रीय विजेती.' त्यावर सोनलचा फोटो बोटाएवढा आणि सहा पुढाऱ्यांचे फोटो परातीएवढे. ह्या सहांपैकी एकानंही तिला कधी पाण्यात पाहिलं नव्हतं. माइक हातात दिल्यावर ती म्हणाली, "मी जिंकले नाही. शर्यत पूर्ण पण केली नाही. सहाव्या किलोमीटरला थांबले."

एक पुढारी हसून म्हणाला, "किती विनय आहे पोरीत."

"विनय नाय साहेब, खरंय. हार नको. इथल्या पोरींना पोहायला शिकवायला माणूस द्या."

लगेच चहा आला.

मांडवाच्या कडेला कोणीतरी भागूला टोचलं, "एवढी थायलंडला गेली आन् अर्ध्यातनं आली व्हय?"

भागू म्हणाला, "आली ना? म्या तर रोज अर्ध्यातनंच येतो. काठावर आलं की झालं."

सोनलनं ते ऐकलं. तिनं मला मनगटावरून सोडलं आणि त्याच्या हातात दिलं. भागूनं माझं उचकटलेलं ठिगळ घासलं, सोल्युशन लावलं आणि दिवसभर उन्हात सुकू दिलं. घाई केली नाही.

आता मी त्यांच्या ओसरीच्या खांबाला असते. सोनलचा गुडघा बरा आहे, ती परत पळते. माणूस काही मिळाला नाही. म्हणून सकाळी गावातल्या चार पोरींना नव्या ट्यूबवर सोनलच पोहायला शिकवते. मला वारूळवाडीनं कामाला लावलं, डिंभ्यानं तरंगवलं, आणि एका पोरीनं जुनी म्हणून फेकलं नाही. रबराच्या तुकड्याला यापेक्षा जास्त काय हवं?

मित्रांनो, तुमचं अंग हीच तुमची ट्यूब. रोज सकाळी जरा दाबून बघा. बुडबुडा दिसला तर लपवू नका, घरच्यांना सांगा, आणि ठिगळ सुकू द्या. लोक हसतील, हसू द्या. परवा चार पोरींतली एक काठावर बसून होती. बाकीच्या पाण्यातून ओरडत होत्या, "ये ना गं, भित्रे."

"कान दुखतोय," ती म्हणाली. "आज काठावर."

सोनलनं पाण्यातूनच मान डोलवली.