उन्हाळ्यात फुगलेलं दार

पंधरा वर्षांच्या लेकीनं शाळा, जेवण, मैत्रिणी, सगळ्यांकडे पाठ फिरवली, तेव्हा आम्ही तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी आम्हाला दोन गोष्टी बजावल्या. तिला एकटं सोडू नका, आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे सरळ विचारत जा. विचारल्यानं असले विचार डोक्यात शिरत नाहीत.

पहिली गोष्ट मी घरी पोचल्या पोचल्या केली. सुतार माणूस मी. तिच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट उतरवलं आणि शेडमध्ये नेऊन ठेवलं. दार फुगलंय, रंधा मारायला हवा, असं तिला सांगितलं. दुसरी गोष्ट उद्यावर ढकलली, आणि तो उद्या काही उगवेना.

मग सगळं घर पहाऱ्याला लागलं. सोंग वठवणं आमच्या खानदानात कुणालाच जमलेलं नाही. बायको दर दहा मिनिटांनी लेकीच्या खोलीतल्या कुंडीत पाणी घालायची. चौथ्या दिवशी रोपटं कुजलं. तिची आत्या तिथलं एकच कपाट पुसत बसायची. त्याचं पॉलिश गेलं, आणि ते मी केलेलं होतं, म्हणून माझं डोकं फिरलं. मी स्वतः टेप घेऊन रिकामी चौकट मोजायचो. ती रोज तेवढीच भरायची.

नवव्या दिवशी मी मोजत असताना लेक पलंगावरून म्हणाली, "बाबा, ऐन उन्हाळ्यात दार फुगत नाही. तुम्हीच शिकवलंय मला."

चोरी पकडली गेली. मी टेप खिशात घालून तिच्याकडे वळलो. विचारल्यावर ती हो म्हणाली तर काय, याचीच तर मला भीती होती.

"मरावंसं वाटतं का गं तुला?"

"वाटतं," ती म्हणाली. "रोज नाही, पण वाटतं. कुणी विचारेल म्हणून वाट बघत होते, तर तुम्ही सगळे नुसती फडकी मारताय."

मी चौकटीतच खाली बसलो आणि रडलो. सांगितलंस ते बरं केलंस, एवढंच कसंबसं बोललो. मग दोघांनी मिळून बाईंना फोन लावला. लगेच घेऊन या, म्हणाल्या.

निघताना मी विचारलं, दार आज बसवून टाकू का?

तिनं रिकाम्या चौकटीकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "अजून थोडे दिवस फुगलेलंच राहू दे."