दुसरी बातमी

संशोधन पद्धतीच्या वर्गात मॅडमनी नियम घालून दिला होता. जगात कुठंही हल्ला झाला, तरी दोन वेगवेगळ्या ठिकाणी बातमी सापडल्याशिवाय तो हल्ल्यांच्या तक्त्यात धरायचा नाही. मला हा नियम भारी आवडायचा. आमच्या घराजवळच्या गोळीबार चौकातल्या व्हॉट्सअॅप पंडितांची तोंडं मी त्यावरच बंद करायचे.

आज एका आखाती बंदरावर ड्रोन पडल्याची बातमी एकाच वेबसाइटवर दिसली. माझा भाऊ चंदन त्याच बंदरात क्रेन चालवतो. मी बातमीची ओळ तक्त्यात टाकली आणि चार तास दुसरी बातमी शोधत बसले. सापडू नये म्हणून देवाला हात जोडत शोधत होते.

बाबा खुर्चीमागं चुळबुळत उभे होते. जन्मभर हातमाग चालवलेला माणूस, स्वस्थ उभं राहणं त्यांना जमतच नाही.

"चंदनचा फोन सकाळपासून लागून नाही राहिला. हे दुसरी बातमी नाही होत काय वं?"

"घरच्यांचं धरत नाहीत, बाबा."

पाच वाजता मॅडमना तक्ता पाठवायचा होता, आणि दुसरी बातमी सापडली नव्हती. मी ती ओळ खोडली.

"खोडलं?" बाबांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे आता ते झालं नाही ना?"