पट्ट्याबाहेर

नकाशाचं फडफडणारं टोक चांगुणाने तळहाताखाली दाबून धरलं.

"आता दाखवा साहेब. यात माझं वावर कुठं हाय?"

चांदवडच्या अलीकडे, आग्रा रोडच्या कडेला सर्वेक्षणाचा तंबू लागला होता. कनाती वाऱ्याने फुगत होत्या, बसत होत्या. दिवाकर साहेब नाशिकचे, बोलायला मऊ. त्यांनी पेन्सिलीचं टोक एका बारीक रेघेवर टेकवलं. समुद्रातून निघणारा गॅस नळातून घाट चढवून वरच्या कारखान्यांना न्यायचा, त्याची ही रेघ. ती चांगुणाच्या वावराच्या पार मधोमध गेली होती.

नियम त्यांनी मागेच चावडीवर वाचून दाखवला होता. जमीन तुमचीच, सातबारा तुमचाच. नळ खाली पुरला की वर खुशाल कांदा लावा, बाजरी पेरा. फक्त रेघेच्या दोन्ही अंगांना ठोकलेल्या खुंट्यांच्या मधल्या पट्ट्यात विहीर खणायची नाही, झाड लावायचं नाही, घर बांधायचं नाही. मागे बसलेली एक म्हातारी तेव्हा म्हणाली होती, हे तर सासरच झालं की, नाव आपलं न् हुकूम दुसऱ्याचा. सगळी चावडी हसली होती, चांगुणाही हसली होती.

पण मग तिचा मामा आला. पुंजाराम मामा पाणाड्या होता, जमिनीखालचं पाणी सांगणारा. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो वावरभर अनवाणी चालला, आणि नारळ उभा राहिला तो नेमका लाल-पांढऱ्या खुंट्यांच्या मधे. मामाने फिरफिरून पाहिलं. बाकी सगळं वावर कोरडं. तेव्हापासून चांगुणाचा पाय घरात ठरत नव्हता. भाकर थापता थापता तिचा हात थांबे; वाटे, मातीखाली कुणीतरी घागर बुडवतंय. नवरा सहादू आणि ती, दोघांनी मिळून एका विहिरीपुरतंच बळ गोळा केलं होतं. ही चुकली तर दुसरी होणार नव्हती, आणि कांदा कायमचा पावसाच्या मर्जीवर राहिला असता.

"विहीर असती तर लाईन वळवली असती," साहेब म्हणाले. "नसलेली विहीर मी नकाशात कशी दाखवू, ताई?"

"आन् खणाया घेतली तर?"

साहेबांनी रस्त्याकडे पाहिलं. हुकूम अजून छापून यायचाय, तोवर तुमच्या रानात तुम्हाला कोण अडवणार, असं ते पेन्सिलीशीच बोलल्यासारखे बोलले. मात्र उशीर नको. एवढ्या मोठ्या कामाला पैसा लावणारे लांबचे लोक, त्यांना रेघ पक्की झालेली लागते. दर गावाला ती वाकडी झाली तर नळाचा खर्च फुगतो. उद्या खोदकाम सुरू झालेलं दिसलं, तर लगेच वळण टाकून नकाशा मुंबईला धाडतो.

चांगुणाचा जीव भांड्यात पडला. तंबूच्या तोंडाशी उकिडवा बसलेला मामा मात्र तिथूनच म्हणाला,

"वळली तर कुनीकडं वळंल?"

एका अंगाला नाला. पुरात काठ वाहून जातो, नळ उघडा पडेल, तिकडे जमायचं नाही. पेन्सिल दुसऱ्या अंगाला सरकली, बांध ओलांडून पलीकडे गेली.

"इकडून. इथं मोकळंच आहे सगळं."

ते मोकळं रान चंद्रभागेचं होतं, चांगुणाच्या थोरल्या जावेचं. दादल्यामागे ती गावाबाहेरच्या गळक्या छपरात राही. टेकडीवरून एकेक दगड डोक्यावर आणून तिने घरासाठी त्या जागी रचला होता. दार कोणत्या तोंडाला येणार, चूल कुठे बसणार, गावातल्या पोरीबाळींनाही पाठ होतं. नकाशात त्यातला एकही दगड नव्हता.

चांगुणाचा हात उचलला गेला. टोक पुन्हा फडफडायला लागलं. मामा पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

दोघं परतली तेव्हा बांधावर चंद्रभागा गवत कापत होती. तिने लांबूनच विचारलं, काय गं, वळला का तुझा साहेब? चांगुणाने मान हलवली. हो म्हणाली की नाही, तिचं तिलाच कळलं नाही. भाऊबंदातल्या थोरल्या बाईने पहिली पाटी वाहिल्याशिवाय त्यांच्यात विहीर धरत नसत. उद्या दिस उगवायला येते, चंद्रभागेने सांगितलं आणि ती पुन्हा विळ्यापाशी वाकली.

ती रात्र चांगुणाने कूस बदलत काढली.

सकाळी सहादूने खुंट्यांच्या मधे हळद-कुंकू वाहिलं, लिंबू कापलं. पहिला घाव घरधनिणीचा. चंद्रभागा डोक्यावर चुंबळ ठेवून, पाटी कमरेला लावून उभी होती. तिचं तोंड थांबत नव्हतं.

"माझ्या उंबऱ्यातनं तुझं पानी दिसंल, बघ. भांडलो तरी ताकाला पानी तुझ्याकडनंच नेईन."

चांगुणाने कुदळ उचलली. हळदी-कुंकवाला वळसा घातला. खुंटी ओलांडली आणि ती चालत राहिली, नाल्याकडच्या कोपऱ्यापर्यंत. तिथे पदर खोचून तिने घाव घातला. ठिणगी उडाली.

"अगं, जागा ही हाय," सहादू धावत आला. "तिकडं मामा नाय म्हनलाय."

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. दहा गावांत पुंजारामचा शब्द चाले. पाणी नसेल तिथे तोंडावर नाही सांगून, वाढलेल्या ताटावरून तो उठून गेला होता. तो सावकाश कोपऱ्यात आला. चांगुणाच्या तोंडाकडे त्याने पाहिलं नाही. फुटलेलं ढेकूळ उचललं, चोळलं, नाकाशी धरलं. कोरडी माती बोटांतून गळून गेली.

"माझाच हात चळला व्हता, जावईबापू," तो म्हणाला. "हितंच घ्या."

सहादूने आधी बायकोकडे पाहिलं, नंतर मामाकडे. मग तो तळहातावर थुंकला आणि त्याने बायकोच्या हातातली कुदळ घेतली.

चंद्रभागेने पाटी खाली टेकवली. चांगुणा हाताने खडे भरू लागली.

"लय खोल जावं लागंल का गं?"

"जावं लागंल, आक्का," चांगुणा म्हणाली, आणि भरलेली पाटी दोन्ही हातांनी उचलून तिने जावेच्या डोक्यावर दिली.